चॉकलेटी शाल

कॉलेजला जाईपर्यंत माझे कपडे मी कधीच निवडले नाहीत. ते आई निवडायची, आणि निवडताना तिच्यापुढे प्रश्न एकच असायचा: हे घातल्यावर पोरगी कुणाच्या नजरेत भरणार तर नाही ना? रंग मला शोभतो का, कापड उबदार आहे का, हे सगळं त्यानंतर. निशातगंजच्या बाजारात दुकानदार तिच्यासमोर गुलाबी, फिरोजी, आंबा रंगाचे तागे उलगडत बसायचा आणि ती शांतपणे कोपऱ्यातल्या राखाडी कापडाकडे बोट दाखवायची. दुकानदाराचा चेहरा उतरायचा. माझाही उतरायचा, पण मला विचारत होतं कोण!

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील आंब्यावरच्या किडींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. त्या नोकरीपायी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही लखनौला आलो. ते रोज सकाळी ऑफिसच्या जीपमधून मलिहाबादकडच्या बागांमध्ये जायचे आणि अंधार पडल्यावर, कपड्यांना औषधफवारणीचा वास घेऊन परतायचे. घर निशातगंजच्या पुढच्या एका कॉलनीत होतं. मी अकरावीत गेले तेव्हा गणिताचं आणि फिजिक्सचं कोचिंग लावलं, ते पार हज़रतगंजच्या मागच्या गल्लीत. मधे निशातगंजचा बाजार, मग गोमतीवरचा पूल. हे सगळं मी सायकलने पार करायचे. ती सायकल माझ्या आयुष्यातली एकमेव गोष्ट होती जी फक्त माझी होती.

कोचिंग लागल्यावर पहिल्याच महिन्यात साताऱ्याच्या मावशीने पाठवलेला पोपटी सूट मी घालून गेले. काय रंग होता तो! कोवळ्या तोंडल्यासारखा. परत येताना पुलाच्या तोंडाशी, पानाच्या टपरीवर उभ्या असलेल्या मुलांपैकी एकाने मोटरसायकल काढली आणि बाजारापर्यंत माझ्या बाजूने चालवत राहिला. "ए हरी मिर्च," म्हणत होता. एवढंच. हात लावला नाही, रस्ता अडवला नाही. पण मी घरापर्यंत मागे न बघता पेडल मारत राहिले. घरी येऊन मी आईला सांगितलं, आणि ती माझी चूक झाली असं तेव्हा मला वाटलं, कारण तिने सूट धुतला, वाळवला, घडी घातली आणि ट्रंकेत टाकला.

त्या ट्रंकेत तो एकटा नव्हता. खाली आईच्या साड्या होत्या: डाळिंबी, मोरपंखी, एक झगझगीत राणी रंगाची. साताऱ्यात ती या साड्या नेसून, डोक्यात गजरा माळून मंडईत जायची, आणि भाजीवाल्याशी तावातावाने भांडायची. लखनौला आल्यावर पहिल्या दिवाळीत ती डाळिंबी साडी नेसून बाबांबरोबर हज़रतगंजात गेली होती. मागून कुणी काहीतरी बोललं. तिला तेव्हा हिंदी धड येत नव्हतं, म्हणून तिने भर रस्त्यात बाबांना विचारलं, "अहो, काय म्हणाला तो?" बाबांनी टाळलं. तिने घरी येऊन पुन्हा विचारलं, तेव्हा सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी तिने चॉकलेटी रंगाची लोकरीची मोठी शाल विकत आणली आणि पुढे कित्येक हिवाळे लखनौने आईला त्या शालीशिवाय पाहिलं नाही.

तर अशा बाईची मी मुलगी. पोपटी सूट ट्रंकेत गेल्यावर माझ्यासाठी नियम ठरले. ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना. वेणी घट्ट, रिबन नको. सायकलच्या चाकाला मी रंगीत मणी ओवले होते, ते काढायला लावले, कारण ते खुळखुळत. थंडी सुरू झाल्यावर शाल माझ्या अंगावर आली. "ही घे. ऊब पण राहील आणि कुणाचं लक्ष पण जाणार नाही," आई म्हणाली.

"इसमें मैं आलू की बोरी लगती हूँ," मी म्हणाले. आई मराठीत बोलायची आणि मी हिंदीत उत्तर द्यायचे. आमच्या घरात हे इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणाला खटकत नसे. आईला खटकत असावं, पण तिने कधी तसं म्हटलं नाही.

"बोरीच दिस," ती म्हणाली. "बोरीला कुणी शिट्टी मारत नाही."

शाल इतकी मोठी होती की मी सीटवर बसले की तिचं मागचं टोक मडगार्डपर्यंत लोंबायचं. मडगार्डवर बाबांनी हौसेने लाल काचेचा रिफ्लेक्टर बसवला होता. तो शालीखाली झाकला जायचा. हे ना मला कळलं, ना आईला, ना शास्त्रज्ञाला.

संक्रांत आली. लखनौत त्या दिवसाला खिचड़ी म्हणतात, लोक खिचडी खातात, दान करतात. आमच्या दहा-बारा मराठी घरांत मात्र तिळगूळ आणि हळदीकुंकू. त्या दिवशी आई बदलून जायची. काळी चंद्रकळा नेसायची, जिच्यावर बारीक पांढरे ठिपके होते. वर्षातला तो एकच दिवस जेव्हा नटायला तिला भीती वाटत नसे, कारण नटायचं ते काळ्यात. त्या वर्षी तिने चंद्रकळेला जुळणारा काळा सूट माझ्यासाठी स्वतः शिवला. गळ्याला इवलीशी पांढरी किनार. मी आरशात पाहिलं आणि पहिल्यांदाच तिच्या निवडीवर खूश झाले.

शेजारच्या काकू दारात आल्या होत्या. आम्हा दोघींना बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला. "हाय राम, त्योहार के दिन काला? भाभीजी, हमारे यहाँ तो कोई नहीं पहनता."

"हमारे में पहनते हैं," आई म्हणाली, आणि तिळगुळाची वाटी त्यांच्या हातात दिली. तिचा आवाज इतका मोकळा होता की मला ती साताऱ्याच्या मंडईतली बाई आठवली, जी मी फार लहान असताना पाहिली होती.

ठरलं असं की मी कोचिंग संपवून थेट हळदीकुंकवाला यायचं, कॉलनीच्या अलीकडे राहणाऱ्या एका मराठी डॉक्टरांकडे. आई आधीच तिथे असेल. निघताना तिने सवयीने शाल माझ्या खांद्यावर टाकली.

परतताना पुलावर धुकं होतं. जानेवारीत लखनौला धुकं काही नवं नाही, पण त्या संध्याकाळी निशातगंजचा बाजार ओलांडला आणि वीज गेली. मागे बाजारात कंदिलांचा पिवळा उजेड राहिला, पुढे रस्त्यावर काही नाही. एका बाजूला लांबलचक भिंत, दुसऱ्या बाजूला झाडं. मला मात्र सगळं ठीक दिसत होतं. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे दिसत होते, मागून येणाऱ्या गाडीचा उजेड भिंतीवर पुढे सरकताना दिसत होता. मला गाडी दिसते म्हणजे गाडीलाही मी दिसत असणार, असं सायकलवरच्या माणसाला वाटतंच. मी निवांत होते. तिळगुळाचा विचार करत होते.

मागून आलेल्या अँबेसेडरने मला उडवलं ते अगदी हळू, असं मला अजून वाटतं. आधी हँडल हातातून गेलं, मग रस्ता अंगावर आला. डाव्या मनगटातून लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. मग एक म्हातारे गृहस्थ गळ्यातला मफलर सावरत गाडीतून उतरून धावत आले.

"बेटा, क़सम से, दिखी ही नहीं तुम. दिखी ही नहीं." त्यांनीच मला गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं, हळदीकुंकवाच्या घरी निरोप धाडला. सगळ्या वाटेत तेच वाक्य.

आई दवाखान्यात आली ती कपाळावर दोन-तीन बायकांनी लावलेलं कुंकू घेऊन. माझा हात बघितला, चेहरा चाचपला, डोकं चाचपलं, आणि मग त्या गृहस्थांकडे वळली. तिचं हिंदी अशा वेळी पार कोलमडायचं. "दिखी नहीं मतलब? एवढी मोठी पोरगी! सायकलवर! दिखी नहीं? आँखें किधर थीं तुम्हारी?"

त्यांनी हात जोडले. "बहनजी, जो सज़ा दीजिए. पर बच्ची ऊपर से नीचे तक काले में, ऊपर से यह शाल. कोहरा, बत्ती गुल. मैं देखता तो क्या देखता?"

आईने माझ्याकडे पाहिलं. काळी सलवार, काळा कमीज, चॉकलेटी शाल. मग तिने स्वतःच्या चंद्रकळेकडे पाहिलं. तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मला आठवतं, मग त्यांच्यासाठी पाणी तिनेच आणून दिलं.

शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "हमने तो कहा था, काला शुभ नहीं होता." आईच्या डोळ्यांत पाणी तरारलं. बाबा सहसा बायकांच्या बोलण्यात पडत नाहीत, पण त्या दिवशी पडले. "शुभ-अशुभ कुछ नहीं, भाभीजी. काला कपड़ा रोशनी वापस नहीं करता, बस." काकूंना ते पटलं नाही. आईलाही त्याने बरं वाटलं नाही. अपशकुन असता तर निदान दोष नशिबाला देता आला असता.

हात प्लास्टरमध्ये, सायकल अंगणात भिंतीला टेकवलेली, तिचं पुढचं चाक वाकडं. आईने निकाल दिला: कोचिंग बंद. घरी बसून अभ्यास करायचा. बाबांना यायला उशीर होतो, रिक्षावाले धुक्यात कॉलनीपर्यंत येत नाहीत, आणि सायकलचं नाव काढायचं नाही. मी इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेला बसणार होते. घरी बसून ते व्हायचं नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. बाबा म्हणाले, "हात बरा होऊ दे, मग बघू." आई म्हणाली, "बघायचं काही राहिलेलं नाही."

मग एका दुपारी ती माझ्या केसांना तेल लावत होती आणि पुन्हा तेच बोलायला लागली. देवाने वाचवलं, आता उंबरठा ओलांडायचा नाही, मुलीच्या जातीने... माझं डोकं फिरलं. मी तिचा हात झटकला.

"तुम ही तो कहती थीं ना, किसी को दिखना मत? तो नहीं दिखी. किसी को नहीं दिखी. गाड़ी वाले को भी नहीं."

तिचा तेलाचा हात तसाच हवेत राहिला. मी ते वाक्य रागात बोलले, पण ते खरं होतं आणि आजही मी ते परत घेणार नाही. मला वाईट वाटलं ते तिच्या चेहऱ्याचं. कुणीतरी भर बाजारात तोंडात मारावी तशी ती बसून राहिली. मग उठली, बेसिनपाशी जाऊन बराच वेळ हात धूत राहिली.

आई स्वयंपाक करायची, वाढायची, पण कुठेतरी दुसरीकडेच असायची. संध्याकाळी फाटकाशी उभी राहून रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलवाल्यांकडे बघत बसायची. दूधवाले, दुकानं बंद करून घरी निघालेले लोक, ऑफिसचे चपराशी. मला वाटायचं ती माझ्यावर रुसली आहे. खरं म्हणजे मला भीती वाटायची की ती मला कधीच बाहेर सोडणार नाही, आणि मी या कॉलनीत, त्या शालीत, अशीच म्हातारी होईन.

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात, बाबा घरी येऊन चहा पीत होते, तेव्हा ती म्हणाली, "अहो, स्कूटर काढा. आणि तू सायकल घे. चाक मी सरळ करून आणलंय."

बाबांनी कप खाली ठेवला. "कुठे जायचंय?"

"कुठे नाही. मागच्या रस्त्यावर." तिच्या हातात कपड्यांचं बोचकं होतं.

कॉलनीच्या मागे पाण्याच्या टाकीपर्यंत एक सरळ रस्ता जायचा. दिवे नव्हते, रहदारी नव्हती. बाबांनी रस्त्याच्या एका टोकाला स्कूटर चालू करून उभी केली, हेडलाइट लावला. आई त्यांच्या मागे, गाडीवाल्याला जिथून दिसेल तिथे उभी राहिली. मला म्हणाली, "टाकीपर्यंत जा आणि तिथून आमच्याकडे ये. आधी ही शाल घालून ये."

मी शाल पुढून पायांवरही लपेटून घेतली, टाकीपाशी वळले आणि निघाले. हेडलाइट डोळ्यांत येत होता. अर्ध्याहून जास्त रस्ता मी कापला असेल, स्कूटर इतकी जवळ आली होती की आईचं बोलणं नीट ऐकू येत होतं.

"अहो, निघाली का ती? हाक मारा ना, निघ म्हणावं."

बाबा हळूच म्हणाले, "ती समोरच आहे."

आई स्कूटरच्या पुढे आली, हात पुढे करून, अंधारात भिंत शोधतात तशी. आणि मग मी तिला दिसले. तिने माझं हँडल घट्ट पकडलं. मग शाल माझ्या अंगावरून काढली आणि थंडी होती म्हणून स्वतःच्या खांद्यावर टाकली. "दुसरं," ती म्हणाली.

दुसरा होता पोपटी सूट. ट्रंकेतून तो बाहेर आलेला बघून मीच दचकले. मी तो सलवारीसकट अंगातल्या कपड्यांवरून चढवला आणि गेले, आले. आईने डोळे बारीक केले. "हा कुठला रंग? हा पोपटी?"

"पोपटीच," बाबा म्हणाले. "रात्री रंग राहत नाहीत."

दिवसा ज्याच्याकडे निशातगंजचा अख्खा बाजार माना वळवत होता तो सूट रात्री मातकट दिसत होता. मग लाल स्वेटर झाला, तो काळा दिसला. मग बाबांचा पांढरा कुर्ता. तो दिसला, लांबून दिसला, पण आईचं समाधान झालं नाही. "काहीतरी पांढरं आहे एवढं कळतं. काय आहे ते नाही कळत. दोरीवरचं धुणं असेल असं वाटतं. धुण्यासाठी कोण ब्रेक लावणार?"

मला थंडी वाजत होती, वैताग आला होता. मी कुर्ता आणि वरची पोपटी सलवार काढली आणि अंगातल्या काळ्या स्वेटरवर तशीच निघाले. खाली शाळेच्या युनिफॉर्मची पांढरी सलवार होती, चेनमध्ये अडकू नये म्हणून घोट्याशी रबरबँडने बांधलेली. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"पाय!" आई ओरडली. मी टाकीपासून नुकतीच सुटले होते. "अहो, पाय दिसतायत तिचे! वर खाली, वर खाली. सायकल आहे! सायकलवर माणूस आहे!"

बाबा हसले. त्यांच्या बागेतला फुदका, म्हणजे मोहोराचा रस शोषणारी बारकी कीड, सालीच्या रंगाचीच असते. "दिवसभर फांदीसमोर उभं राहिलं तरी तो दिसत नाही," ते म्हणाले. "पाय हलवला की लगेच दिसतो." आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की हे तुम्हाला आधी सांगता येत नव्हतं का! त्यांनी स्कूटर बंद केली.

दुसऱ्या दिवशी ती नंबरप्लेट रंगवणाऱ्या दुकानात गेली. ट्रकच्या मागे चमकणाऱ्या पट्ट्या लावतात, ज्यांना सगळे रेडियम म्हणतात, त्या तिला हव्या होत्या. दुकानदाराने विचारलं, "कौन सी गाड़ी है, बहनजी?" आई म्हणाली, "लड़की है." ही गोष्ट तिने घरी येऊन सांगितली तेव्हा ती संक्रांतीनंतर पहिल्यांदा हसली. पांढऱ्या कापडाच्या दोन रुंद पट्ट्या शिवून, त्यांवर रेडियम टाचून, तिने त्यांना परकराच्या नाड्या लावल्या. घोट्यांच्या जरा वर बांधायच्या. शालीऐवजी मला आखूड स्वेटर मिळाला, मागचा रिफ्लेक्टर उघडा राहील असा. शाल तिच्याकडेच राहिली. चांगली लोकर होती, वाया कशाला घालवायची.

मी पुन्हा कोचिंगला जायला लागले. पहिल्याच संध्याकाळी पुलाच्या तोंडाशी टपरीवरच्या मुलांना माझे पाय दिसले. एका स्कूटरचा उजेड पडला आणि दोन्ही घोटे लखलखले. "अरे हटो, ट्रक आ रहा है!" एकजण ओरडला. दुसरा म्हणाला, "हॉर्न प्लीज़!" सगळे खिदळले. माझे कान तापले. बाजार पार होईपर्यंत ते हसणं माझ्या पाठीवर होतं.

घरी येऊन मी आईला सांगायचं की नाही, यावर बराच विचार केला. ती पोळ्या लाटत होती. शेवटी मी सांगितलं, शब्दन् शब्द. तिचं लाटणं थांबलं. पोपटी सूट याहून कमी गोष्टीसाठी ट्रंकेत गेला होता. मी तयारीत होते, पट्ट्या काढून तिच्या हातात द्यायच्या.

"आणि गाड्या?" तिने विचारलं.

"गाड़ियाँ? वो तो दूर से ही किनारे हो जाती हैं."

तिला काय किंमत पडत होती ते मला तिच्या मानेवरून कळत होतं. "मग ओरडू देत त्यांना," ती म्हणाली, आणि पोळी तव्यावर टाकली.

पण तिचा जीव काही भांड्यात पडला नाही. आधी तिला एकच भीती होती, आता दोन झाल्या. मी गाड्यांना दिसत होते, म्हणजे त्या मुलांनाही दिसत होते, आणि तिने स्वतःच्या हाताने मला तशी करून बाहेर पाठवलं होतं. ती संध्याकाळी फाटकाशी उभी राहायची, मग कॉलनीच्या तोंडाशी, मग त्याच्याही पुढे. मला हे माहीत नव्हतं. मी घरी पोचायचे तेव्हा ती माझ्या मागोमाग धापा टाकत यायची आणि म्हणायची, दूध आणायला गेले होते.

फेब्रुवारीच्या शेवटाकडची एक संध्याकाळ. धुकं विरळ झालं होतं, पण भिंतीजवळच्या त्या रस्त्यावर दिवे नव्हतेच. मी माझ्या लयीत येत होते. समोरून एकच दिवा असलेला टेम्पो खडखडत आला. त्याने मला लांबूनच पाहिलं आणि मला जागा द्यायला म्हणून पार त्याच्या कडेला, झाडांच्या बाजूला गेला. आणि त्या एका दिव्याच्या उजेडात, झाडाच्या बुंध्यापाशी, क्षणभर एक चेहरा उजळला. फक्त चेहरा. खाली अंग नव्हतंच. टेम्पो त्याच्या इतका जवळून गेला की शालीचं टोक उडालेलं मला दिसलं.

मी सायकल टाकली आणि रस्ता ओलांडून धावले.

आई होती. मला बघायला म्हणून ती रस्त्याच्या कडेवर पुढे आली होती. तिला काय झालं ते कळलंच नव्हतं. चेहऱ्यावर आनंद होता. "दिसलीस हं," ती म्हणाली. "पार त्या वळणापासून दिसलीस मला. पाय काय छान चमकतात गं!"

"पागल हो गई हो?" मी किंचाळले. "यहाँ क्यों खड़ी हो? वो टेम्पो... मुझे दिखी ही नहीं तुम! दिखी ही नहीं!"

त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं वाक्य माझ्या तोंडातून जसंच्या तसं बाहेर पडलं. मी तिच्या अंगाला बिलगून रडायला लागले. लोकरीला फोडणीचा आणि तिच्या तेलाचा वास येत होता. ती माझी पाठ थोपटत होती, गोंधळून, मलाच काहीतरी झालंय असं समजून.

"अगं, मला काय होतंय," ती म्हणाली. "मला कोण बघतंय इथे."

हे तिने किती सहज म्हटलं! तक्रार नव्हती त्यात. तिने ते इतक्या वर्षांत मेहनतीने मिळवलं होतं. ट्रंकेतली डाळिंबी साडी मला आठवली. मला तिचा राग आला, हज़रतगंजातल्या त्या माणसाचा राग आला ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं, त्या टपरीवरच्या पोरांचा आला, आणि तिच्या अंगावरच्या शालीचा तर इतका आला की वाटलं ती तिथेच गटारात टाकावी.

मी खाली बसले. माझ्या डाव्या पायाची पट्टी सोडली. गाठ घट्ट बसली होती, बोटं थंडीने बधिर झाली होती, सुटायला वेळ लागला. मग तिची साडी जरा वर सरकवून मी ती तिच्या घोट्याला बांधायला लागले. ती पाय मागे घेत होती, पदर सावरत होती, आणि मागून एका गाडीचा उजेड आमच्यावर पडत होता.

"अगं, सोड. काय हे रस्त्यात. लोक बघतील ना."

"बघू देत," मी म्हणाले. मराठीत म्हणाले. आणि नाडीची गाठ पक्की बांधली.